मंत्रिमहोदय, सातपुड्यात आधी रेंज द्या, मग अंगठा मागा

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्याच जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवर आजही रेंजसाठी टेकडी चढावी लागते. रेशनच्या पॉस मशीनला रेंज हवी, लाडक्या बहिणीच्या केवायसीला ओटीपी हवा. रोजगार हमीची हजेरीही १ जानेवारी २०२३ पासून अ‍ॅपवर सक्तीची झाली. अंगठा उमटला नाही तर धान्यासाठी पुन्हा खेप, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच.

मोबाइल नको असं इथे कुणीच म्हणत नाही. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या मुलाचा आवाज संध्याकाळी घरी ऐकू येतो, बाळंतीण अडली तर १०८ ला फोन लावता येतो. मजुरी जमा झाली का, हे बघायला तालुक्याला जावं लागत नाही. जिथे रेंज आहे तिथे हे सगळं घडतं, म्हणून तर ती नसल्याचा राग येतो.

जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मोबाइल सेवा नसलेल्या २४,६८० गावांत फोरजी पोचवण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. निर्णय चांगलाच होता. पण सातपुड्यातलं गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेले पाडे. एका धारेवर टॉवर उभा राहिला की कागदावर गाव जोडलं जातं, खालच्या दरीतल्या पाड्याला मात्र त्याचा उपयोग नसतो. त्यात पावसाळ्यात लाईट गेली आणि बॅटरी उतरली की टॉवरही मुका.

म्हणून मागणी अशी, की मोजणी गावाची नको, पाड्याची करा. टॉवर महिन्यातून किती तास चालू होता, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागू द्या. नेटवर्कअभावी कुणाचं रेशन अडवू नये, वहीत नोंद करून द्यावं, असे केंद्राचे आदेश २०१७ पासून आहेत. ते दुकानापर्यंत पोचवायला अन्न मंत्रालयाला सांगा. आणि तुमच्या खात्याने पाड्यावर सेवा चालू असल्याचं लेखी दिल्याशिवाय तिथे कुठल्याही योजनेत ऑनलाइन हजेरी किंवा केवायसीची सक्ती होऊ नये, असा निर्णय मंत्रिमंडळात मांडा.

आपला,
सातपुड्यातील एक रहिवासी