एकसष्टाव्या दिवशी कुठे जायचे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या घरी रेशनकार्डाच्या पिशवीत एक गुलाबी कार्ड जपून ठेवलेले आहे. २००९ साली दुसऱ्या बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी मुंबईतल्या एका प्रसूतिगृहात माझी कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झाली, त्याचे ते कार्ड. त्यावर पेनाने लिहिलेल्या तीन सूचना अजून वाचता येतात : जड उचलू नये, टाके ओले करू नयेत, सातव्या दिवशी दाखवावे. आम्ही तेव्हा घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहत होतो. पाणी पहाटे चारला यायचे, तेही तासभरच, आणि नळ आमच्या घरापासून चाळीस पायऱ्या खाली होता. मालक रात्रपाळीला, सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे पाचव्या दिवशी मीच हंडा उचलला. सातव्या दिवशी टाक्यातून पू आला, तेव्हा ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांनी विचारले, "सांगितलेलं ऐकता येत नाही का?" मी पाण्याचे सांगितले, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचेही पाणी बहुधा पहाटेच येत असावे.

जखम महिनाभरात भरली. परंतु हे पत्र मी लिहीत आहे ते चार वर्षांनंतर जे झाले त्यासाठी. २०१३ साली माझी पाळी बारा दिवस चुकली, ओटीपोटात उजव्या बाजूला कळा येऊ लागल्या आणि खांदाही दुखू लागला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी ऑपरेशन झाल्याचे सांगितले, तेव्हा दिवस राहण्याचा प्रश्नच त्यांनी निकालात काढला आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात मी कोसळले. मोठ्या रुग्णालयात पोट उघडल्यावर कळले की गर्भ गर्भपिशवीऐवजी बीजनलिकेत राहिला होता आणि ती नळी फुटून पोटात रक्त साचले होते. दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नंतर शांतपणे समजावले की ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली आणि पोटात दुखू लागले, तर सर्वांत आधी हीच शंका घ्यायची असते. हे वाक्य त्या चार वर्षांत मला कोणी सांगितले नव्हते आणि माझ्या कार्डावरही ते नव्हते.

ही शस्त्रक्रिया शंभर टक्के खात्रीची नसते, हे आपल्या खात्याला मी सांगावे असे नाही. पहिल्या वर्षात हजारात साधारण पाच जणींना तरीही दिवस जातात आणि अशा वेळी गर्भ नळीत राहण्याचा धोका एरवीपेक्षा कितीतरी जास्त असतो. पाठ्यपुस्तकातली ही गोष्ट कार्डावर एका ओळीत मावते.

मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली याच शहरात संततिनियमनाचे केंद्र उघडले, तेव्हापासून मुंबईच्या बायकांनी हा हक्क किती कष्टाने मिळवला आहे याची मला जाणीव आहे. शिवाय, आमच्याकडे "ऑपरेशन केलं आणि कंबर गेली", "ऑपरेशनपासून अंगावरून जास्त जातं", असे जे सर्रास बोलले जाते, ते सगळेच त्या शस्त्रक्रियेमुळे होते असेही मी म्हणत नाही. बीजनलिका बंद केल्या तरी बीजकोश जागच्या जागी राहतात, त्यामुळे संप्रेरकांत सहसा फरक पडत नाही, आणि ऑपरेशन झालेल्या स्त्रियांची वर्षानुवर्षे पाहणी करणाऱ्या मोठ्या अभ्यासातही पाळीच्या तक्रारी वाढल्याचे दिसले नाही, हे मी वाचले आहे. माझी तक्रार वेगळी आहे. "ऑपरेशनचा याच्याशी संबंध नाही" हे वाक्य बाईला तपासणीच्या टेबलावर घेण्याआधीच, दारातच ऐकवले जाते. मग अंगावरून जास्त जाण्यामागे गाठ आहे की थायरॉइड, ओटीपोटाच्या दुखण्यामागे जंतुसंसर्ग आहे की आतड्याला चिकटलेला जुना व्रण, हे कोणी पाहतच नाही. बाई दुखणे अंगावर काढते, आणि अगदीच असह्य झाले की कर्ज काढून खासगी नर्सिंग होममध्ये जाते, जिथे पस्तिशीतल्या बाईला "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असा सल्ला मिळतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, याची चौकशी २०१९ मध्ये राज्य सरकारलाच करावी लागली होती. तिथली कारणे वेगळी असतील, पण दुखण्याचा शोध न घेता अवयवच काढून मोकळे होण्याची वाट तीच आहे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एकाच शिबिरात ८३ स्त्रियांवर काही तासांत शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या तेरा जणी दगावल्या. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले आणि शस्त्रक्रियेचे परिणाम स्त्रीला तिच्या भाषेत समजावून विचाराला वेळ द्यावा, असेही बजावले. टेबलावरचा मृत्यू टाळण्याचा विचार निदान सुरू झाला, याबद्दल समाधानच आहे. परंतु या शस्त्रक्रियेत काही बिघडल्यास सरकार जी भरपाई देते, तिच्या योजनेत गुंतागुंत धरली जाते ती घरी सोडल्यापासून ६० दिवसांपर्यंतची. शस्त्रक्रिया अपयशी ठरल्याचा दावा तर ते कळल्यापासून ९० दिवसांत करावा लागतो. मला या योजनेची माहिती आमच्या भागातल्या आरोग्यसेविकेकडून मिळाली तेव्हा नळी फुटून दोन वर्षे झाली होती. ज्या रुग्णालयाने माझा जीव वाचवला, तिथेही ती कोणी सांगितली नव्हती.

पुरुषांचा विषय मी लांबवत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्के स्त्री-नसबंदीवर अवलंबून आहेत आणि पुरुष-नसबंदीवर ०.३ टक्के. एकेकाळी मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पुरुषांसाठी नसबंदीची केंद्रे चालत, हे आजच्या पिढीला सांगितले तर थट्टा वाटते. भार बायकांनीच उचलायचा असेल, तर निदान त्यांच्या मागे कोणी उभे राहावे.

म्हणून मागणी एवढीच आहे की मुंबईतल्या प्रत्येक प्रसूतिगृहात आठवड्यातला एक ठरलेला दिवस, ही शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांसाठी राखावा, मग ती कोणत्याही साली, कोणत्याही रुग्णालयात झालेली असो. तिथे सोनोग्राफी आणि रक्ततपासणी त्याच ठिकाणी व्हावी, बाहेरची चिठ्ठी मिळू नये. कार्डावर "पाळी चुकल्यास लगेच या" हे ठळक मराठीत आणि हिंदीत छापावे. दाव्याचे ९० दिवस, रुग्णालयाने योजनेची माहिती स्त्रीला लेखी दिल्यापासून मोजावेत. आणि नोंद कायम राहावी. हे पत्र लिहिण्याआधी आमच्या मजल्यावरच्या, ऑपरेशन झालेल्या सात जणींना मी कार्डाबद्दल विचारले, तर ते दोघींकडेच निघाले. एक जण आपल्या शस्त्रक्रियेचे साल, ती २६ जुलैच्या पुराआधी झाली की नंतर, यावरून काढते.

माझ्या कार्डाची आणि २०१३ च्या डिस्चार्ज पेपरची झेरॉक्स या पत्राच्या टपालाने पाठवलेल्या प्रतीला जोडली आहे. मूळ कागद माझ्याकडे आहेत आणि आपल्या कार्यालयाने बोलावल्यास मी ते घेऊन येईन. फक्त मला शनिवारची वेळ द्यावी, इतर दिवशी रजा मिळत नाही.

आपली विश्वासू,
घाटकोपर (पश्चिम) येथील एक नागरिक