‘परत एकदा घेऊ’ म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न.

पेपर स्वीकारल्याची मेल आली आणि गाइडनंतर पहिला फोन तुम्हाला केला. तुम्ही मात्र “बरं झालं, पुढचं सॅम्पल कधी आणतेस?” म्हणून मला आभार मानूच दिले नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

तुम्ही चालवता त्या एमएफएमकडे (चुंबकीय सुई फिरवून चुंबकत्वाचं चित्र काढणाऱ्या सूक्ष्मदर्शकाकडे) येण्याआधी हेच सॅम्पल, म्हणजे बारीक चुंबकांची चिप, मी दुसऱ्या प्रयोगशाळेत दिलं होतं. फी भरली, नंबर लागायची वाट बघितली. चिपवर काय आहे, हे तिथे कुणी विचारलंसुद्धा नाही. शेवटी ‘सिग्नल नाही’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी आणि चिमट्याचे ओरखडे उठलेली चिप हातात पडली. जाब विचारायला गेले तर साहेब मीटिंगमध्ये. आजही आठवलं की संताप होतो.

तुम्ही आधी खुर्ची दिलीत. म्हणालात, “यात बघायचं काय, ते नीट सांग.” मी सांगत गेले. परमॅलॉयचे (निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचे) लांबट तुकडे, लांबी 220 आणि रुंदी 80 नॅनोमीटर, चौकोनी जाळीत मांडलेले; प्रत्येक तुकडा म्हणजे एक चुंबक. जिथे चार टोकं समोरासमोर येतात त्या चौकात सगळ्यांच्याच मनासारखं होत नाही, मग दोघांचे उत्तर ध्रुव आत, दोघांचे बाहेर, म्हणजे ‘दोन आत, दोन बाहेर’ अशी तडजोड होते. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनला दोन हायड्रोजन जवळ आणि दोन लांब असतात, तसंच. म्हणून हे कृत्रिम ‘स्पिन आइस’. 2006 मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या गटाने अशी जाळी एमएफएमखालीच तपासली होती. तुम्ही मध्येच विचारलंत, “आणि तीन आत, एक बाहेर झालं तर?” किती नेमका प्रश्न! तिथेच तर एकध्रुवासारखा (नुसताच उत्तर किंवा नुसताच दक्षिण ध्रुव असावा तसा) चुंबकीय भार दिसतो, ज्याच्या मागे आम्ही सगळे असतो.

स्कॅन सुरू झाला. प्रत्येक तुकड्याचं एक टोक काळं, एक पांढरं. आणि मग शेजारशेजारच्या दोन चौकांत तीन-एकची जोडी! मी आनंदाने ओरडलेच. तुम्ही स्क्रीनजवळ वाकलात आणि त्या दोन चौकांमधल्या तुकड्यावर बोट ठेवलंत. त्याचं चित्र मधोमध तुटलं होतं: वरच्या ओळींत काळं टोक डावीकडे, खालच्या ओळींत उजवीकडे. “हा आपल्या सुईने उलटवला गं. थांब, परत एकदा घेऊ.”

तुमची ड्यूटी संपली होती. तरी सॅम्पल पुन्हा डीमॅग्नेटाइज होईपर्यंत, म्हणजे चुंबकांच्या दिशा पुन्हा विस्कटेपर्यंत थांबलात, कमी चुंबकत्वाची सुई लावलीत, ती जरा उंचावरून फिरवलीत. मग प्रिंटआउटवर पेन्सिलीने एकेका तुकड्याचा बाण काढून दिलात. तो कागद मी जपून ठेवलाय. चार चुंबकांच्या 16 मांडण्यांपैकी दोन आत-दोन बाहेर अशा फक्त 6, म्हणजे नुसत्या योगायोगाने 37.5 टक्के. आमच्या जाळीत त्या कितीतरी जास्त निघाल्या, आणि हे मी आज छातीठोकपणे सांगू शकते ते तुमच्यामुळे.

दुसऱ्याचं काम आपलं समजून करणारी तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं संशोधन उभं राहतं. पेपरात ‘तांत्रिक साहाय्य’ एवढीच ओळ बसली. प्रबंधात अख्खं पान तुमचं आहे.

आता षटकोनी जाळी करतेय, काका. एकेका चौकात तीनच चुंबक. चिप तयार झाली की घेऊन येते.

तुमची,
स्पिन आइसवाली