नर्स टिकत नाहीत म्हणता, ड्युटी चार्ट बघितलाय का?

मा. संपादक साहेब,
नमस्कार. सोलापुरात नर्स मिळत नाहीत, मिळाल्या तर टिकत नाहीत, मुलींना नुसती पैशाची हाव, असं परवा एका डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं म्हणून लिहितेय. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स. एका खाजगी दवाखान्यात नऊ वर्षं काढली, सोडलं, दोन वर्षं घरी बसले आणि आता दुसरीकडे परत लागलेय.

पगार कमी होता हे आहेच. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच सांगितलंय की ५० पेक्षा कमी बेड असले तरी नर्सला महिना २० हजाराच्या खाली देऊ नये, २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सएवढा द्यावा. मला हे नोकरी सोडल्यावर कळलं, हसावं की रडावं!

पण खरं सांगू का, मला घालवलं ते ड्युटी चार्टनं. उद्या मॉर्निंग की नाइट हे आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर कळायचं, रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची नर्स, आली नाही की डबल ड्युटी, नाइटला वीस-बावीस पेशंटला मी एकटी, आणि आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसाआड, सासूबाईंचे गुडघे गेलेले, मग पाण्याची पाळी आणि माझी ड्युटी एकाच वेळी आली की घरात भांडण ठरलेलं. सोडते म्हटल्यावर ओरिजिनल सर्टिफिकेटं दोन महिने अडवली ते वेगळंच.

१२ मेला, नर्स दिनाला, मात्र गुलाबाचं फूल आणि भाषण न चुकता. भाषणात डॉ. कोटणीस असणारच. आपल्या सोलापूरचा माणूस, १९३८ ला चीनला गेला, पेशंट बघत बघत ३२ व्या वर्षी तिकडंच वारला, अभिमान मलाही आहे, पण त्यांचं नाव घेऊन आमच्याकडून फुकटची डबल ड्युटी काढू नका.

आता जिथं आहे तिथं पगार फक्त पंधराशेनं जास्त. पण मेट्रन बाई, म्हणजे आमच्या मुख्य नर्स, महिन्याचा चार्ट एक तारखेला लावतात, आपसात ड्युटी बदलून घेऊ देतात. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आज्जींशी तेलुगूत दोन शब्द बोलले की त्या गपचूप इंजेक्शन घेतात, ते घरी बसल्यावर फार आठवायचं, खोटं कशाला बोलू.

माझ्या बॅचच्या दोघी अजून घरीच आहेत. येता का म्हणून विचारलं, तर दोघींनी पगाराच्या आधी एकच विचारलं, नाइट किती लागतात आणि सुट्टी आधी कळते का.

– एक परिचारिका, सोलापूर