थर्मोलायसिनची लेन

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या तुझ्या जेलचा फोटो पाहिला. २० किलोडाल्टनजवळचा (हे प्रथिनाच्या वस्तुमानाचं माप) पूर्वरूपाचा, म्हणजे अजून न कापलेल्या लांब प्रथिनाचा, बँड फिका झालाय आणि १४ च्या आसपास नवा बँड उमटलाय. रुबिस्कोचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराचं, छोटं उपएकक (घटक-प्रथिन) वाटाण्याच्या क्लोरोप्लास्टमध्ये गेलं, असं तू लिहिलंस. बँड सुरेख आहे, पण एवढ्यावरून मी तसं म्हणणार नाही. थर्मोलायसिन या प्रथिनं कापणाऱ्या विकराची लेन, म्हणजे ते घातलेल्या नमुन्याचा रकाना, मला फोटोत सापडली नाही.

पूर्वरूपाची पुढची शेपटी कापणारं विकर क्लोरोप्लास्टच्या स्ट्रोमात, म्हणजे आतल्या द्रवात, असतं. तुझ्या नळीतले काही क्लोरोप्लास्ट फुटलेले असतील, तर ते विकर बाहेर सांडतं आणि प्रथिन बाहेरच्या बाहेर कापलं जातं. आकार लहान झाला म्हणून ते आत गेलं असं ठरत नाही. थर्मोलायसिन बाहेरचं आवरण ओलांडत नाही, बाहेर असलेलं प्रथिन मात्र खाऊन टाकतं. ते घातल्यावरही १४ चा बँड टिकला, तर तो आवरणाच्या आड आहे. ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं दुसरं विकर वापरायचा मोह टाळ, ते बाहेरच्या आवरणातून शिरतं. थर्मोलायसिनला कॅल्शियम लागतं, म्हणून बफरमध्ये ते घाल आणि शेवटी कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या ईडीटीएने क्रिया थांबव. आणखी एका नळीत ट्रायटन या डिटर्जंटने आवरणं विरघळवून मग थर्मोलायसिन घाल. तिथेही बँड राहिला, तर प्रथिनच चिवट आहे आणि आधीच्या लेनचा पुरावा बाद होतो.

हा प्रश्न मला इतका जवळचा का, तेही सांगते. १९७७ मध्ये डॉबरस्टाइन, ब्लोबेल आणि च्वा यांनी क्लॅमिडोमोनास या शेवाळात दाखवलं की हे उपएकक आधी लांब रूपात बनतं. १९७८ मध्ये च्वा आणि श्मिट यांनी, आणि वेगळ्या कामातून हायफिल्ड आणि एलिस यांनी, ते पूर्वरूप तयार झाल्यानंतरही अखंड क्लोरोप्लास्टमध्ये शिरतं हे सिद्ध केलं. 'अखंड' या शब्दावर त्या निष्कर्षाचा सारा भार आहे. केंद्रकातल्या जनुकावरून बाहेर बनलेलं प्रथिन आत जाऊन क्लोरोप्लास्टमध्येच बनलेल्या मोठ्या उपएककाशी जोडलं जातं, आठाला आठ. मला हे आजही विलक्षण वाटतं.

तेव्हा आधी अखंडपणा मोज. फेरिसायनाइड हे रसायन अखंड आवरणातून आत जात नाही; फुटलेल्या क्लोरोप्लास्टमध्ये मात्र प्रकाश पडला की त्याचं क्षपण होतं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळतात. एक मोजणी जशीच्या तशी घे, दुसरी पाण्याने मुद्दाम फोडून. फोडल्यावर क्षपणाचा वेग १०० आणि न फोडता १० आला, तर ९० टक्के अखंड. घनतेनुसार कण वेगळे करणाऱ्या परकॉल द्रावणाच्या ४० आणि ८० टक्क्यांच्या थरांमधली हिरवी पट्टी तेवढी उचल. वरची पट्टी फुटलेल्यांची असते, ती जराही आली तर सगळं मुसळ केरात. पिपेटचं टोक कापून रुंद कर, म्हणजे उचलताना फुटणार नाहीत.

आदल्या रात्री रोपं अंधारात ठेवतेस ना? पानात स्टार्च साठलेला असला की सेंट्रिफ्यूजमध्ये त्याचे जड कण आवरण फाडून बाहेर पडतात. वाटण्यापासून गाळण्यापर्यंत सगळं बर्फावर, आणि हात झटपट चालू दे. मिक्सर दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनीच फिरव. पान जास्त वाटलंस तर हिरवा रंग भरपूर मिळेल, पण कामाचे क्लोरोप्लास्ट कमीच. इम्पोर्टची, म्हणजे प्रथिन आत घेण्याची, क्रिया मात्र २५ अंशांवर आणि ऊर्जेसाठी एटीपी घालून.

बाजारातला पालक चालेल का, असं विचारलंयस. थायलाकॉइडच्या, म्हणजे क्लोरोप्लास्टमधल्या हिरव्या पटलांच्या, कामाला तो बेलाशक वापर. इम्पोर्टसाठी नको, पान जून झालं की क्लोरोप्लास्टची प्रथिनं आत घेण्याची ताकद ओसरते. आठ-दहा दिवसांची वाटाण्याची रोपंच घे. सोमवारी पेरलंस तर पुढच्या बुधवारी पानं हाताशी येतील, म्हणजे रविवारी रात्रीच दाणे भिजत घाल.

तुझी,
आई