मोरजीच्या त्या अनोळखी मंडळींचे मनापासून आभार

गेल्या आठवड्यात रात्री जेवून आम्ही दोघं गोव्यात मोरजीला तेंबवाड्याच्या वाळूवर फिरत होतो. पायाशी काहीतरी वळवळलं. मी मोबाइलचा टॉर्च लावणार, तोच मागून कुणीतरी मनगट धरलं. "लायट नाका!"

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं होती, तळहातात मावतील एवढी. खरं तर ती समुद्रावरच्या फिकट उजेडाकडे जातात. ही मात्र शॅकच्या (किनाऱ्यावरच्या खानावळीच्या) दिव्यांना भुलून उलटी निघालेली. त्या शॅकवाल्या दादांनी, गिऱ्हाइकं बसलेली असताना, सगळे दिवे मालवले. (एक पाहुणा कुरकुरला. त्याचे आभार नाहीत.) कुणीतरी वनखात्याला फोन लावला. वनरक्षक येईपर्यंत चार पोरं कुत्र्यांना हाकलत उभी होती. पिल्लं ओल्या वाळूवर सोडली, पाण्यात नाही; शेवटचे काही हात ती स्वतःच चालली.

एकाच्या वल्ह्यासारख्या पायाला जाळ्याचा नायलॉनचा धागा करकचला होता. वनरक्षकाने पिल्लू धरलं आणि एका मावशींनी पदराची पिन काढून, ओठ घट्ट मिटून, तो अलगद सोडवला.

मावशी, नाव विचारायचं राहिलं. पिन माझ्याकडेच आहे.