स्मरणार्थ बाकड्यावर नावाखाली एक ओळ असावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवंगत माणसाच्या नावाने उन्हाळ्यात पाणपोई घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्याच भावनेने आता मराठवाड्यातील बसस्थानके, देवळांची आवारे आणि स्मशानभूमी येथे ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे लिहिलेली सिमेंटची बाकडी दिली जातात. त्यांविषयी एक विनंती करण्यासाठी हे पत्र.

माझे वडील गेल्यावर आम्ही अंबाजोगाईत रुग्णांचे नातेवाईक ताटकळतात त्या वाटेवर, कडुनिंबाखाली एक बाकडे दिले. नाव आणि तारखा यांच्याखाली आईने आग्रहाने एक ओळ लिहून घेतली : ‘सीताफळाच्या दिवसांत यांच्या पिशवीत दुसऱ्यासाठी एक फळ जास्तीचे असे.’ बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे त्यांना फार प्रिय होती. ती ओळ वाचून शेजारी बसलेले लोक, जे एरवी एकमेकांकडे पाहतही नाहीत, बोलू लागतात, हे मी अनेकदा पाहिले. गेल्या दिवाळीपूर्वी केजकडच्या एका आजींनी, ज्यांचा नातू आत दाखल होता, धारूरहून आलेल्या अनोळखी मुलीला आपल्या पिशवीतले फळ दिले आणि ‘यांच्या नावाचं खा, बाई’ असे म्हणून त्या मनापासून हसल्या. मी तेथेच होते; वडिलांची ओळख मात्र सांगितली नाही, कारण त्या दोघींना ती पुरेशी झाली होती.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८६ पासून देणगी देऊन बाकड्यावर आपल्या मजकुराची छोटी पट्टी लावता येते, आणि कित्येक पट्ट्यांवर कुणाची तरी अशीच एखादी आठवण असते. आपल्याकडे मात्र पुष्कळदा देणगीदाराचे नाव मृताच्या नावाहून मोठे असते. बाकडेही कित्येकदा भर उन्हात, भिंतीकडे तोंड करून बसवलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी त्या तापलेल्या सिमेंटवर हातही ठेववत नाही, मग तेथे बसून कोण कोणाशी बोलणार?

म्हणून नगरपालिकांनी, देवस्थानांनी आणि रुग्णालयांनी देणगी स्वीकारताना सावलीची जागा द्यावी, टेकायला पाठ असलेलेच बाकडे घ्यावे आणि त्या माणसाला काय आवडत असे, याची एक ओळ कुटुंबीयांकडून आवर्जून मागावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई (जि. बीड)