परत एकदा, सुरात घे

मिरज, १२ मे

सुऱ्यास,

सप्रेम नमस्कार वगैरे. दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, तुझे दोन फोन आले ते उचलले नाहीत, सगळं मान्य. तब्येत बरी आहे, शुगरची अर्धी गोळी एक झाली. आता ऐक.

परवा रात्री आमच्या गल्लीतनं वरात चालली होती. टेम्पोवर स्पीकरची भिंत, मागं बेंजो, नवरदेव घोड्यावर पेंगलेला. मी गॅलरीत उभा. गाणं सुरू व्हायच्या आधी स्पीकरमधनं कोण बोललं सांग? मी! "परत एकदा, सुरात घे की रं." मग ढोलकी. मग परत मी. दर कडव्याला मी. खाली पोरं हात वर करून एका दमात ओरडताहेत, "सुरात घे की रं!" आतनं हिनं विचारलं, "एवढ्या रात्री कुणावर ओरडताय?"

पिंट्याचं गाणं आहे. तुला आठवत असेल, माझ्या स्टुडिओत वायरी गुंडाळायला आलेलं चौदा वर्षांचं पोरगं, तुझ्या चपला घालून घरी गेलं होतं. गेल्या दसऱ्याला त्यानं स्वतःच्या गच्चीवर पत्र्याची खोली टाकली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, झाला स्टुडिओ. त्याचं काही नाही. पण जाताना माझा की-बोर्डवाला नेला, ढोलकीवाला नेला, आणि माझ्याच हार्डडिस्कवरनं टॉकबॅकमधला, म्हणजे काचेआडनं गाणाऱ्याशी बोलायच्या माईकमधला, माझा आवाजही नेला. गाण्यात काय, तर एक म्हातारा काचेआड बसून दुसऱ्याच्या घामावर वारा घेतो. म्हातारा म्हणे! बावन्न पुरी व्हायची आहेत अजून.

हे घरात सांगून कळणार नाही. म्हणून तुला लिहितोय. आपली ती अंजुण्याच्या बुधवारच्या बाजारातली कॅसेट आठवते? कव्हर नाही, बाजूवर बॉलपेननं नुसतं 'रेगे' लिहिलेलं. तू चाळीस रुपयांना आणलीस आणि पंचवीसला मिळाली म्हणून सांगितलंस, का ते मला आजवर कळलेलं नाही. पहिल्यांदा लावली तेव्हा डेकचा पट्टा सैल झालाय म्हणून आपण डेक उघडला. हेड स्पिरिटनं पुसलं, पट्टा बदलला, तरी आवाज विहिरीतनं आल्यासारखा लांब जायचा आणि परत यायचा. वर मध्येच गाय हंबरायची. तू म्हणालास, ह्यांनी गोठ्यात रेकॉर्डिंग केलंय.

गोठा नव्हता, पण फार लांबही नव्हतास. रेगे म्हणजे जमैकाचं संगीत, आणि त्यातला गाणी करणारा, रेकॉर्ड करणारा उस्ताद ली पेरी. त्यानं १९७३ साली तिथल्या किंग्स्टनमध्ये घराच्या परसात स्टुडिओ बांधला, नाव 'ब्लॅक आर्क'. तिथं चार ट्रॅकचं, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येणारं, टीॲक कंपनीचं टेप मशीन. चार! त्या काळी लंडनच्या मोठ्या स्टुडिओंत सोळा आणि चोवीस ट्रॅक चालायचे. हा चार भरायचा, ते मिसळून एकावर आणायचा, मोकळ्या झालेल्यांवर पुन्हा भरायचा. दर वेळी टेपची खरखर वाढायची, तीही ठेवायचा. त्यावर पडसाद काढणारं स्पेस एको आणि आवाज लाटेसारखा डोलवणारा फेझर. आपल्याला पट्टा सैल वाटला तो हाच. चित्रांनी आणि अक्षरांनी भिंती भरल्या होत्या म्हणे. मॅक्स रोमियो, ज्युनियर मर्विन, काँगोज यांची नावाजलेली गाणी तिथलीच, १९७६-७७ची. आपली गायही काँगोजचीच.

पण मला परवा आठवला तो त्याच्या आधीचा पेरी. माणूस १९३६चा, जमैकातल्याच हॅनोव्हर भागातल्या केंडल गावचा. किंग्स्टनला रेकॉर्डी काढणाऱ्या कॉक्सन डॉडकडं हरकाम्या होता: रेकॉर्डी पोचव, नवी पोरं ऐकून निवड, मध्येच स्वतः गा. नाव नाही, पैसा नाही, म्हणून भांडून निघाला तो जो गिब्स नावाच्या दुसऱ्या रेकॉर्डवाल्याकडं गेला. तिथंही तीच रड. मग १९६८ला स्वतःचं दुकान मांडलं आणि गिब्सला टोला हाणणारं गाणं काढलं, 'पीपल फनी बॉय'. त्यात चक्क तान्हं पोर रडताना ऐकू येतं. तोवर तिकडं कुणी गाण्यात असला बाहेरचा आवाज घुसवायच्या फंदात फारसं पडत नव्हतं. आणि हे गाणं तुफान खपलं.

आता खरी गंमत. ही गोष्ट पिंट्याला कुणी सांगितली? मीच. रात्री दोनला, भजनाच्या सीडीचं मिक्सिंग करताना, चहात खारी बुडवत. तो म्हणाला, "भारीच की, मास्तर." मला वाटलं पोरगं झोपेत बोलतंय.

त्याला सीझनला नऊ हजार देत होतो. कव्हरवर त्याचं नाव कधी टाकलं नाही. टाकायचं राहून गेलं, असं मी हिला सांगतो.

पुढचं ऐक. १९७०ला बॉब मार्ली, टॉश आणि बनी असे तिघं, म्हणजे 'वेलर्स', पेरीकडं आले. त्यानं त्यांच्या गाण्याची चरबी काढली, बास पुढं आणला. बास वाजवायला त्याचा ॲस्टन बॅरेट, ड्रमवर ॲस्टनचा भाऊ कार्लटन. तिघं गेले, आणि जाताना दोन्ही भावांना घेऊन गेले. वेलर्सचं म्हणणं, आमच्या रेकॉर्डी ह्यानं इंग्लंडात विकल्या आणि आम्हाला दमडी दिली नाही. पेरीचं म्हणणं, माझा आवाजच चोरून नेला. मी इतकी वर्षं पेरीच्या बाजूनं भांडत आलो. तू कायम म्हणायचास, "ढोलकी ज्याच्या हातात, त्याची. मालकाची नव्हे." म्हणायचास, पण कधी? तासगावच्या कार्यक्रमाच्या सुपारीच्या आधी. नंतर तू त्या विषयावर तोंड उघडलं नाहीस.

तासगाव. ९६ साल. तुझ्या ढोलकीवाल्या सदाला मी नेला. तुझ्या विसारातनं त्याला नवी ढोलकी आली होती, तीही गेली. तू ढोलकीशिवाय स्टेजवर चढलास आणि माईकवर म्हणालास, "आमचे ढोलकीवाले पाहुण्यांकडे गेलेत, बोलावणं नसताना." लोक हसले. मला ते चौथ्या दिवशी कळलं आणि मी वर्षभर तुझ्यावर रुसलो. मी तुझ्यावर! ह्याला काय म्हणायचं ते तू म्हण.

परवा रात्री स्टुडिओत जाऊन बसलो. पेरीचं ब्लॅक आर्क जळलं, आणि मीच पेटवलं असं तो पुढं सांगायचा. आपणही काडी लावावी असं क्षणभर वाटलं. मग आठवलं, कर्जाचे चौदा हप्ते बाकी आहेत आणि खाली भावकीचं किराणा दुकान आहे. पेरीला स्वित्झर्लंडमध्ये सासर होतं. तिथला स्टुडिओही २०१५ला जळला, तो मात्र मेणबत्ती विझवायची राहिली म्हणून. त्याआधी २००३ला ग्रॅमीही मिळालं बाबाला. पंचाऐंशी वर्षं जगून २०२१च्या ऑगस्टमध्ये जमैकातच गेला. तेव्हा तुला फोन करावा असं फार वाटलं होतं. केला नाही.

आणि हो, १९७७ला तो आणि मार्ली लंडनमध्ये पुन्हा एका स्टुडिओत बसले, गाणं केलं. कोण आधी बोललं असेल?

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे सदाकडनं कळलं. पोरीचं ॲडमिशन झालं ना? वहिनींना नमस्कार. सदाचे हात आता थरथरतात, ढोलकी नातवाकडं दिली. तीच, तुझ्या विसारातली. पुडी दोनदा बदलली, खोड तेच.

कॅसेट माझ्याकडं आहे. पोस्टानं पाठवणार नाही.

तुझा,
बंड्या

ता.क. पिंट्याच्या गाण्याची लिंक पाठवतो, कुणाला पुढं धाडू नकोस. दुसऱ्या कडव्यात बास जरा मागं पडतोय का सांग. मला पडतोय असं वाटतंय, पण माझ्या कानावर माझा भरवसा नाही. काल तेच गुणगुणत दाढी करत होतो.